डावीकडची गाठ

मी आज जो काही आहे त्याचं श्रेय एकाच व्यक्तीला द्यायचं झालं, तर ती माझी आत्या. वडलांची थोरली बहीण. म्हैसुरात मंडी मोहल्ल्याच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहून तिनं जन्मभर ब्लाउज शिवले. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. ‘माझं नाव कुठं घालू नको’ असं तिनं मला बजावलं आहे, आणि तिचं न ऐकण्याचा माझा वाटा मी दुसऱ्याच एका बाबतीत वापरून टाकला आहे. ते कसं, तेच सांगायचं आहे.

आमचं घर म्हैसूर जिल्ह्यातल्या सरगूरचं. वडील, म्हणजे अप्पा, तिथे शाळेचे गणवेश शिवतात. घरात कन्नड जास्त. मराठी देवापुढे आणि भांडणात. मी कन्नड शाळेत शिकलो. देवनागरी वाचायला आत्यानं शिकवलं, विठोबाच्या भजनांच्या पुस्तकावरून, तेही मी म्हैसूरला इंजिनियरिंगला आल्यावर. ‘कॉलेजात जातोस आणि देवाचं पुस्तक उलटं धरतोस’ म्हणून ती हसायची. आमच्या घरात माझ्या आधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. ती पायरी तिच्या उंबऱ्यातून गेली.

तिच्या घरात एकच टेबल होतं, कापड बेतायचं. लांब, जड, एक पाय किंचित आखूड, त्याखाली दोऱ्याचं रिकामं रीळ. मी पेटी घेऊन आलो त्या दिवशी तिनं त्यावरचं कापड उचललं आणि म्हणाली, “हे तुझं.”

“आणि तू कापणार कुठं?”

“जमीन लहान आहे होय? म्हैसूर एवढं मोठं पडलंय!”

माझी पदवी होईपर्यंत ती खाली बसून कापत राहिली. गुडघे गेले ते तेव्हाच. मी टेबलावर ड्रॉइंगची शीट पसरून बसे, आणि खालून कात्रीचा आवाज येई. तो आवाज सरळ नसे. आत्या डावरी, कात्री उजव्या हाताची. डाव्या हाताची कात्री असते हेच आमच्याकडे कुणाला माहीत नव्हतं. उजव्या हाताच्या कात्रीनं डाव्या हातानं कापलं की पाती एकमेकांपासून सुटतात आणि कापड मध्येच चावलं जातं. मग अंगठ्यानं उलटा जोर देऊन पाती जुळवून धरावी लागतात. त्यात कात्रीचं भोक पुरुषाच्या अंगठ्याच्या मापाचं. ती अंगठ्याला चिंधी गुंडाळायची. चिंधी रोज नवी, ज्या रंगाचा ब्लाउज त्या रंगाची. लहानपणापासून बघत आल्यामुळे मला वाटायचं, तो शिंपीणबाईचा दागिनाच असावा.

आता काजाविषयी.

आत्या मंडीतल्या एका मोठ्या दुकानासाठी शिवायची. दुकान कापड द्यायचं, अस्तर द्यायचं, रंगाला रंग जुळणारा दोरा द्यायचं, आणि शिवून आल्यावर मानेशी आतून आपल्या नावाची पट्टी लावायचं. ब्लाउजला पुढे हुका असतात, आणि हूक अडकवायला दोऱ्याचं विणलेलं छोटं काज असतं. आत्या सगळी काजं दुकानानं दिलेल्या दोऱ्यानं करी, आणि सगळ्यात खालचं, शेवटचं काज आपल्या डब्यातल्या पिवळ्या दोऱ्यानं. ब्लाउज निळा असो, काळा असो, शेवटचं काज पिवळं. ते पदराखाली झाकलं जातं, नेसणारीलाच दिसतं. का करायची, विचारलं तर म्हणे, “हात ओळखू यावा म्हणून. पट्टी त्यांची, हात माझा.”

दुकानाच्या मालकांनी ते एकदा पाहिलं आणि अख्खं गाठोडं परत पाठवलं. पिवळी काजं उसवा, रंगाला रंग जुळवा. तिनं उसवली. पुढच्या गाठोड्यात पुन्हा पिवळं काज. पुन्हा परत. हे असं चालू असताना दुकानात बायका येऊन विचारायला लागल्या, पिवळ्या काजाचा आहे का? मग मालकांनी गाठोडी परत पाठवणं बंद केलं, आणि काय केलं, तर दुकानासाठी शिवणाऱ्या सगळ्या बायकांना पिवळा दोरा वाटला. शेवटचं काज पिवळं करायचं, आपल्या दुकानाची खूण आहे ती.

त्या दिवसापासून आत्यानं पिवळं काज करणं सोडलं. दुकानाच्या सगळ्या ब्लाउजांना पिवळं काज, फक्त तिच्या ब्लाउजाला नाही. ह्यावरून परत बोलणी बसली. ती म्हणाली, “आता माझा हात न केलेल्या काजावरून ओळखा.”

ही हकीकत तिनं मला हसत हसत सांगितली होती. मी मात्र टेबलावर बसून ऐकली होती, तिच्या टेबलावर, त्यामुळे मला हसू आलं नाही.

पदवीनंतर मी म्हैसूरच्याच हेब्बाळ औद्योगिक वसाहतीत एका टूलरूममध्ये लागलो. पोलाद कसं तापवायचं, कसं थंड करायचं, धार कुठल्या कोनात धरायची, हे तिथे शिकलो. काही वर्षांनी नोकरी सोडली आणि एक लहान शेड घेतली. शिंपीकामाच्या कात्र्या करायच्या, पण बायकांच्या हाताच्या. भोक लहान, दांडा हलका, अंगठ्याच्या कडेला धार टोचणार नाही असा गोल. नोकरी सोडल्याचं कळलं तेव्हा सरगूरला अप्पा दोन दिवस माझ्याशी कन्नडमध्येही बोलले नाहीत. आत्या तोवर सरगूरलाच त्यांच्याकडे राहायला गेली होती. तिचं टेबल मी शेडमध्ये आणलं, पायाखालच्या रिळासकट.

पहिल्या कात्र्या तयार झाल्या आणि खुणेचा प्रश्न आला. करणाऱ्याची खूण पात्यावर नसेल तर कात्री कुणाचीच नसते. ज्याच्या हातात जाईल तो आपलं नाव घालतो. कुठली खूण घालायची, हे मी टूलरूममध्ये असतानाच ठरवलं होतं. एक काज. धनुष्यासारखी किंचित वाकलेली दोऱ्याची पट्टी, त्यावर आडवे बारीक टाके, आणि एका टोकाला गाठ. तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी. गाठ डावीकडे, कारण आत्या डाव्या हातानं विणायची आणि तिचं काज डावीकडे संपायचं. उजव्या हाताच्या बाईची गाठ उजवीकडे येते.

सरगूरला गेलो तेव्हा तिला चित्र दाखवलं. तिनं कागद लांब धरला, जवळ धरला.

“काज आहे.”

“तुझं आहे.”

“माझं कुठलं? अख्ख्या मंडीनं घातलं ते. उष्टं झालं.” तिनं कागद माझ्या मांडीवर ठेवला. “मंडीतलं ते दुकान आता कात्र्या घेतंय म्हणालास ना? मालक म्हणेल ते नाव घाल. सुम्ने, उगाच भांडण विकत घेऊ नको, मरी, बाळा.”

“मी हेच घालणार.”

“ऐकणार नाहीस?”

“नाही.”

“मग माझं नाव कुठं घालू नको. कंडिता, अगदी नक्की.”

“नाव नाही घालत.”

ती स्वयंपाकघरात गेली आणि मला ऐकू जाईल अशा बेतानं अप्पांना म्हणाली, “शिकवलं ते हे बघायला!” पण त्या दिवशी जेवताना तिनं मला तूप जरा जास्तच वाढलं.

पोलादावर अशी खूण कोरायची रीत सोपी आहे. पात्यावर स्टेन्सिल चिकटवायचं. एका तारेचा चिमटा पात्याला, दुसरी तार नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं जाड कापड, गुंडाळलेल्या ठोकळ्याला. नमदा मिठाच्या पाण्यात बुडवून स्टेन्सिलवर टेकवायचा, आणि वीज सोडायची. जिथे स्टेन्सिल उघडं असेल तिथे पोलाद खाल्लं जातं. चर्र असा बारीक आवाज येतो, किंचित धूर निघतो, आणि झालं. कठीण असतं ते स्टेन्सिल निवडणं.

नंबरप्लेट आणि स्टिकर करणाऱ्या एकाकडे गेलो. तो माझ्याच वयाचा, दुकानात मोठ्यानं गाणी लावून बसणारा. त्यानं आधी स्टिकरच्या कागदाचं स्टेन्सिल कापून दिलं. ते स्वस्त, पण एका पात्याला एक, आणि काजाचे टाके इतके बारीक की मिठाचं पाणी लागताच त्यांच्या मधल्या पट्ट्या सुटून वर यायच्या. खूण काजासारखी न दिसता झुरळासारखी दिसायची. मग त्यानं जाळीचं स्टेन्सिल सुचवलं. लग्नपत्रिका छापायला असते तशी अगदी बारीक जाळी. तिच्यावर थर असतो, आणि चित्र उजेडानं त्या थरात उतरवलेलं. महाग, बंगळूरूहून करून आणावं लागतं, पण रेघ सुटत नाही आणि नीट ठेवलं तर पुष्कळ पाती होतात.

चित्र बघून तो म्हणाला, “सर, गाठ दोन्ही बाजूंना घाला. एका बाजूला ठेवलीत तर घाईत एक दिवस स्टेन्सिल उलटं बसणार. दोन्हीकडे असली की उलटं ठेवा, सुलटं ठेवा, चूक होणारच नाही.”

त्याचं म्हणणं अगदी बरोबर होतं. टूलरूममध्ये मी स्वतः हेच शिकवलं असतं.

“एकीकडेच ठेव. डावीकडे.”

“चूक होईल.”

“झाली तर मला दिसेल ना. दोन्हीकडे गाठ असली तर चूक झालेलीच दिसणार नाही.”

“इंजिनियर लोकांना चूक बघायला आवडते हे आज कळलं,” असं म्हणून त्यानं गाण्याचा आवाज वाढवला. तरी नमुना आला तेव्हा त्यात दोन्हीकडे गाठ होतीच. त्यानं सवयीनं ‘सुधारून’ पाठवलं होतं. मी परत केलं. दुसऱ्या वेळी डावीकडची गाठ आली, पण टाके विरळ, काज उसवल्यासारखं. तेही परत. तिसऱ्या वेळी त्यानं फक्त पाकीट पुढे सरकवलं. मी ते उजेडाकडे धरलं आणि मला आत्याचा हात दिसला. ह्याहून वेगळं मला सांगता येत नाही.

पहिल्या चार-पाच पात्यांवर खूण सुंदर उठली. संध्याकाळी मी स्टेन्सिल पुसून, वर्तमानपत्रात घालून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मंडीतल्या त्याच दुकानाचे मालक येणार होते.

हे मालक म्हणजे आत्याला गाठोडी परत पाठवणाऱ्यांचे चिरंजीव. आता पन्नाशीचे. ब्लाउज शिवून घेणं वडलांबरोबर संपलं. आता दुकानात शिलाई मशिनं, दोरे, कात्र्या. आमच्याच समाजातले, विठोबाच्या देवळात आरतीला पुढे उभे राहणारे. मी त्यांना अण्णा म्हणतो. त्यांनी माझ्या कात्र्या पाहिल्या होत्या, आवडल्या होत्या. मंडीत त्यांनी घेतलेला माल बाकीची दुकानं डोळे मिटून घेतात. त्यांनी नाकारलेला माल कुणी उघडूनही बघत नाही. शेड चालणार की नाही ते त्या सकाळवर होतं.

आत आल्या आल्या त्यांनी नाकाला रुमाल लावला. “काय रे, रॉकेलचा वास! कात्री करतोस की स्टो पेटवतोस?”

मी हसलो. पातं स्पिरिटनं पुसलं, स्टेन्सिल चिकटवलं, नमदा टेकवला. आवाज जरा वेगळा आला; मी दुर्लक्ष केलं. स्टेन्सिल काढलं तर काजाचं अर्धं टोक उठलेलं, मधे कोरं, पुढे दोन टाके. गाठ नाहीच. दुसरं पातं घेतलं. तेच.

अण्णा वाकून बघत होते. “उसवलंय की रे तुझं!” मग माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, “होगली, जाऊ दे. कुणाला वाचता तरी येतंय का ते? नाव नाही, अक्षर नाही. हे बघ, मी आणलंय.”

खिशातून त्यांनी एक स्टेन्सिल काढलं. तेही जाळीचं, उत्तम केलेलं. त्यावर इंग्रजी अक्षरात एक नाव होतं. त्या नावाचं गाव नव्हतं, माणूस नव्हता. पण ऐकून एखादं थंड हवेचं परदेशी शहर डोळ्यांसमोर यावं असं ते नाव होतं.

“जर्मन वाटतं, अल्वा, नाही का? हे घाल. सगळ्या कात्र्या मी घेतो, दसऱ्याच्या आत.”

“अण्णा, कात्री म्हैसूरची आहे.”

“मग? साबण म्हैसूरचा घेतात, पाक म्हैसूरचा घेतात. कात्री म्हैसूरची कोण घेतो? अरे, बाई दुकानात येते, पात्यावर इंग्रजी बघते, पिशवीत टाकते. तू तिला तुझं किड्यासारखं चित्र दाखवणार?”

“किडा नाही, काज आहे.”

“उठलं तर काज. तोवर किडाच.” स्टेन्सिल टेबलावर ठेवून ते गेले. जाताना दारात पुन्हा म्हणाले, “वास घालव आधी.”

तो वासच माझ्या कामाला आला. मी स्टेन्सिल नाकाशी नेलं. रॉकेल. आणि मला माझा आदल्या संध्याकाळचा हात आठवला.

आत्याकडे कशिद्याचं काम आलं की ती खाका वापरायची. कागदावर नक्षी काढून रेषेवर सुईनं भोकं पाडायची, कागद कापडावर ठेवायचा, रॉकेलात कालवलेली पांढरी पूड बोळ्यानं त्यावर फिरवायची. ठिपक्यांची नक्षी कापडावर उतरते. काम झालं की कागद रॉकेलनंच पुसून वर्तमानपत्रात ठेवायचा, नाहीतर भोकं बुजतात. अभ्यास संपला की खाके पुसायचं काम माझं असे. कित्येक संध्याकाळी मी ते केलं होतं. आदल्या दिवशी जाळी हातात आल्यावर हातानं मला विचारलंच नाही. रॉकेलचा बोळा घेतला, पुसलं, वर्तमानपत्रात ठेवलं. आणि तेलकट जाळीतून मिठाचं पाणी कसं जाणार? टूलरूममधल्या दुसऱ्या कुणाही माणसाच्या हातून ही चूक झाली नसती. शिंप्याच्या घरात वाढलेल्याच्याच हातून होणार.

मला त्या चुकीची लाज वाटली नाही. उलट वाटलं, अण्णांचं ते परदेशी नाव मी कधी रॉकेलनं पुसलं नसतं; आत्याचं काज होतं म्हणून हात तिकडे गेला.

जाळी साबणाच्या पाण्यानं धुतली, पुन्हा धुतली, वाळवली. नमदा बदलला. नव्या पात्यावर टेकवला तेव्हा आवाज बरोबर आला. काज पूर्ण उठलं, टाक्याला टाका, डावीकडे गाठ. खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं पातं पुसून, तेलाचा हात फिरवून मी कात्री जुळवली आणि तडक दुकानात गेलो.

अण्णांनी चष्मा चढवला. पातं उजेडात तिरपं धरलं. त्यांचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला.

“अरे! हे तर आमचं पिवळं काज!”

त्यांनी खुणेवरून अंगठा फिरवला.

“वडलांनी काढलेली खूण ही. किती वर्षांनी बघतोय! मला आधी सांगायचं नाहीस? मी तुला किडा म्हटलं!” त्यांनी खरोखर डोळ्यांच्या कडा पुसल्या. “असं कर. वर हे काज, खाली आमच्या दुकानाचं नाव. जर्मन-बिर्मन साकू, बस झालं. जुन्या बायका ओळखतील. आयतु, ठरलं. जेवढ्या करशील तेवढ्या मी घेतो.”

खरं सांगतो, त्या क्षणी फक्त गप्प राहायचं होतं. खूण मला हवी तीच पात्यावर राहणार होती. शेड चालणार होती. अप्पा माझ्याशी नीट बोलणार होते. आत्यानंच सांगितलं होतं, भांडण विकत घेऊ नको. एक शब्द न बोलता सगळं मिळत होतं.

“अण्णा, ते काज आत्याचं आहे.”

“कुठल्या आत्याचं?”

“माझ्या. तुमच्याकडे शिवायची ती.”

“अक्का? हो, त्या शिवायच्या. चांगला हात होता. पण कारागीर शिवतो, खूण दुकानाची असते रे. कापड आमचं, दोरा आमचा.”

“पिवळा दोरा तिचा होता. तुम्ही रंगाला रंग जुळणारा द्यायचात. पिवळ्यासाठी तुमच्या वडलांनी गाठोडी परत पाठवली होती.”

“हे कोण म्हणतं?”

“गाठ कुठे आहे बघा.”

त्यांनी बघितलं. “डावीकडे.”

“ती डावरी आहे. तुमच्या बाकीच्या सगळ्या बायकांची गाठ उजवीकडे असायची.”

त्यांनी चष्मा काढला. बोलले तेव्हा आवाज उतरला होता. रागानं की कशानं, मला कळलं नाही. “डावी, उजवी. कोण बघतंय रे हे?”

“मी बघतोय.”

“नोडप्पा, बघ. इथून ही कात्री घेऊन गेलास तर संध्याकाळपर्यंत सगळ्या मंडीला कळेल की मी परत केली.”

“कळू द्या. कशासाठी परत केलीत, तेवढं मात्र पुरतं सांगा.”

मी कात्री कागदात गुंडाळली. त्यांचं इंग्रजी स्टेन्सिल मी बरोबर नेलं होतं. ते गल्ल्यावर ठेवलं आणि पायऱ्या उतरलो. परत वळायचं म्हटलं असतं तर पाय वळले नसते.

मंडीला कळलं. पुढच्या आठवड्यात मी ज्या ज्या दुकानात गेलो तिथे माझ्यासाठी चहा आला, आणि कात्रीसाठी ‘नंतर बघू’ आलं. मग मी दुकानं सोडली आणि शिवणाऱ्या बायकांच्या दारात जायला लागलो. गोकुलममध्ये एक बाई आहे, योग शिकायला येणाऱ्या परदेशी मुलामुलींसाठी सैल सुती विजारी शिवते. तिनं कात्री घेतली, कापडाची चौपदरी घडी केली आणि टोकापर्यंत एका दमात कापली. मग अंगठा बाहेर काढून वळ उठलाय का ते पाहिलं. खुणेकडे तिनं बघितलंही नाही. “दोन द्या,” म्हणाली.

काही दिवसांनी तिचा फोन आला. तिच्या शेजारणीलाही हवी होती.

“कुठली?” मी विचारलं.

“तीच हो, काजवाली.”

शेड अजून चालते की नाही, हे महिन्याच्या शेवटी दर वेळी नव्यानं ठरतं. पण स्टेन्सिल तेच आहे. आत्याला हे सगळं फोनवर सांगता येत नाही. तिला ऐकू कमी येतं, आणि व्हिडिओ कॉल केला तर ती फक्त माझं तोंड किती वाळलंय तेवढंच बघते. म्हणून एक कात्री नीट बांधली, आणि तिनंच शिकवलेल्या अक्षरांत हे पत्र लिहून सोबत सरगूरला पाठवलं.

*

आत्या,

इथूनच पाया पडतो. गुडघ्यांना तेल लावतेस ना?

तू म्हणालीस तसं केलं नाही. पात्यावर काज घातलं आहे. तुझं नाव कुठे घातलेलं नाही, तो शब्द पाळला.

दुकानाच्या अण्णांनी काज ओळखलं आणि आमचं आहे म्हणाले. मी नाही म्हटलं. आता ते कात्र्या घेत नाहीत. तू रागावशील, पण तूही सगळ्या मंडीनं पिवळं काज घातलं तेव्हा तुझ्या ब्लाउजांना घातलं नव्हतंस. तेव्हा तुला कुणी शहाणपण शिकवलं होतं का? मग मला का शिकवतेस?

तू म्हणालीस, ते काज उष्टं झालं. मी ते मिठाच्या पाण्यानं पोलादावर उतरवलं आहे. आता ते कुणी गाठोडं परत पाठवून उसवायला सांगितलं तरी उसवणार नाही. गाठ डावीकडे आहे, बोटानं चाचपून बघ. त्या काजासाठी स्टेन्सिल दोनदा परत केलं. स्टेन्सिल करणारा मला वेडा समजतो. तू भेटलीस तर तुलाही समजेल.

एक गंमत. मी स्टेन्सिल रॉकेलनं पुसून ठेवलं होतं, आपल्या खाक्यासारखं. सगळं बिघडलं. तुझ्या घरात लागलेली सवय पदवीनंसुद्धा गेली नाही. बरंच झालं.

तुझं टेबल शेडमध्ये आहे. खूण त्याच्यावरच कोरतो. मिठाच्या पाण्याचा एक डाग पडला आहे, आधीच सांगून ठेवतो.

आता कात्रीविषयी. अप्पा म्हणतील ही उलटी जुळवली आहे. उलटी नाही. त्यांच्या हातात ती चालणार नाही, त्यांना देऊ नकोस. ही एकच अशी केली आहे. पाती डाव्या हातासाठी लावली आहेत. कापताना रेघ तुला आपोआप दिसेल, मान वाकडी करावी लागणार नाही, आणि पाती जुळवायला अंगठ्यानं जोर देऊ नकोस, ती आपली आपण जुळतात. पहिल्यांदा हात जुन्या सवयीनं जोर देईलच. दोन-चार कापं वाया गेली तर जाऊ देत.

आणि अंगठ्याला चिंधी बांधू नकोस. मी भोक तुझ्या मापाचं केलं आहे. तशीच घाल.

तुझा,
टेबलावरचा